खजिना आणि ठेव

उमरीच्या बँकेवरील १९४८ ची स्वारी मराठवाड्यांतील वाचकांस परिचित आहेच. तिच्या चार वर्षें आधीं, १४ एप्रिल १९४४ रोजीं, खानदेशांत चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या सैनिकांनीं सरकारी खजिना लुटला; रक्कम साडेपांच लाखांच्या घरांत होती. त्या तुकडींत वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. त्याच वर्षीं ते पकडले गेले, आणि १० सप्टेंबरला सातारच्या तुरुंगाचा तट ओलांडून निसटले. पुढें १९४६ मध्यें मणदूरच्या चकमकींत त्यांचे सोबती किसन अहीर व नानकसिंग धारातीर्थीं पडले.

अण्णा मात्र २०१२ पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले. वाळव्यास उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यास त्यांनीं किसन अहिरांचें नांव दिलें. तेथील सहकारी बँकही ‘हुतात्मा’ याच नांवाची. खजिना लुटणाऱ्यानें शेतकऱ्यांच्या ठेवी राखाव्या, यांत कित्येकांस विसंगति वाटते. मला ती वाटत नाहीं. चिमठाण्याचा पैसा लढ्यासाठीं होता, कोणाच्या घरासाठीं नव्हता; वाळव्याचाही पैसा दुसऱ्यांचाच. फरक एवढाच कीं, पहिल्याचा हिशेब सोबत्यांपुढें ठेवावयाचा, दुसऱ्याचा दरसाल सभासदांपुढें, आणि तोही गेलेल्या मित्राच्या नांवाखालीं.