तारांचा चव्हाटा कोठे असावा?

एखाद्या पाच मजली कचेरीत दोनशे मेजे आहेत आणि प्रत्येक मेजावर एक संगणक आहे, असे धरून चालू. प्रत्येक संगणकाला दुसऱ्या प्रत्येकाशी बोलता यावे, एवढीच मालकाची अपेक्षा. आता दर दोघांमध्ये स्वतंत्र तार टाकायची म्हटले तर १९,९०० तारा लागतील! म्हणून तारा कोठे तरी एकत्र आणाव्या लागतात. त्या कोठे आणि कशा आणाव्यात, हा प्रश्न वायरमनच्या अखत्यारीतला वाटतो खरा; पण त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातले एक प्रकरण तर थेट रुग्णांच्या खाटांपर्यंत जाऊन पोहोचले. ते श्रोत्यांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

टेलिफोनवाल्यांनी मध्यवर्ती एक्स्चेंज काढले. सगळ्या तारा एका फळ्यापाशी यायच्या आणि तेथे बसलेल्या माणसाने त्या जोडून द्यायच्या. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर याने या माणसाला रजा देणाऱ्या यंत्राचे पेटंट १८९१ साली मिळविले. हा गृहस्थ प्रेतसंस्काराचा व्यवसाय करी. आपली गिऱ्हाइके ऑपरेटरबाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात असा त्याला संशय होता, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८९२ मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट येथे त्याच्या पद्धतीचे एक्स्चेंज चालू झाले, हे निश्चित.

संगणकवाल्यांनी आरंभी नेमकी उलटी वाट धरली. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने इथरनेट उभे केले. त्यात एक्स्चेंज नव्हतेच. एकच जाड केबल सगळ्या मेजांजवळून जाई आणि चाळीतल्या सामाईक नळासारखी ती ज्याला मोकळी सापडेल त्याची! दोघे एकदम आले तर दोघांनीही मागे सरायचे आणि थोडे थांबून पुन्हा यायचे. १९८५ साली आयबीएमने ‘टोकन रिंग’ पुढे आणली. तिच्यात ज्याच्या हाती खूण येईल त्यानेच बोलावे असा नियम होता. शिस्तीच्या दृष्टीने ती आम्हांला आजही अधिक सुरेख वाटते. पण ती महाग होती, आणि बाजाराने स्वस्त नळ पसंत केला.

त्या नळाची खोड मात्र मोठी होती. केबल एका ठिकाणी तुटली की तिच्यावरची सगळी मेजे मुकी होत. १९९० च्या प्रमाणपद्धतीने टेलिफोनसारख्या पिळाच्या बारीक तारा प्रत्येक मेजापासून मजल्यावरच्या कपाटापर्यंत, १०० मीटरच्या आत, नेण्याची सोय केली. म्हणजे फिरून टेलिफोनवाल्यांचेच घर गाठले! त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात तोंडांचा इथरनेट-स्विच विक्रीस आणला. मराठी कानाला हे नाव परके वाटणार नाही. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते. ही पेटी टपाल कचेरीतल्या छाननीदाराप्रमाणे पत्ता वाचून ज्याचे त्याला देई.

खरी निवड येथून पुढे सुरू होते. पेट्या एकमेकींना जोडताना, एक तार तुटली तर असावी म्हणून शहाणा माणूस दुसरी टाकतो. पण दुसरी तार टाकली की वर्तुळ तयार होते. इथरनेटच्या पत्रावर, ते किती हातांतून गेले याची नोंद नसते. ‘सर्वांस’ असा पत्ता असलेले पत्र त्या वर्तुळात सापडले की गावातल्या अफवेसारखे फिरतच राहते, दर फेरीला त्याच्या नव्या नकला निघतात आणि क्षणार्धात सारी वाट तुंबते. यावर १९८५ साली डिजिटल कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी तोड काढली. पेट्यांनी आपसांत निरोप देऊन सगळ्या जोडण्यांतून एक झाड कल्पावे, जादा फांद्या बंद ठेवाव्यात आणि गरज पडली तरच उघडाव्यात. या युक्तीवर त्यांनी एक छोटी कविताही केली. युक्ती इतकी सोयीची, की लोक पेटीला पेटी जोडीत गेले. दोन टोकांमध्ये सातापेक्षा अधिक पेट्या नसाव्यात ही अट तिच्यामागे होती, पण ती मोजतो कोण?

बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयात कोणी मोजली नाही. दोन रुग्णालये १९९६ मध्ये एक झाली आणि जाळे वाढत गेले. १३ नोव्हेंबर २००२ रोजी एका संशोधकाच्या प्रचंड माहितीच्या ओघाचे निमित्त झाले आणि झाडाचा हिशेब कोलमडला. तपासण्यांचे निकाल आणि औषधांच्या सूचना संगणकावरून मिळेनात. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. डॉक्टर हाताने लिहीत आणि कागद माणसांकरवी जात. संगणकविभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी पुढे ही हकीकत न लपविता जाहीरपणे सांगितली. आम्हांला हे धैर्य यंत्राइतकेच मोलाचे वाटते.

नव्या रचनेत मध्यभागी राउटिंग आले. राउटरमधून जाणाऱ्या पत्रावर टप्प्यांची संख्या असते. दर टप्प्याला ती एकाने घटते आणि शून्य झाली की पत्र फाडले जाते. आमच्या पाच मजली कचेरीलाही हाच मार्ग योग्य दिसतो. मध्यभागी राउटिंग करणाऱ्या दोन पेट्या ठेवाव्यात, प्रत्येक मजल्याचे कपाट त्या दोघींना जोडावे आणि मजल्यामजल्यांतली वाहतूक राउटिंगनेच व्हावी. याची किंमत आहे: संगणक मजला बदलील तेव्हा त्याचा पत्ता बदलतो, आणि मांडणीला जाणकार लागतो. चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोनसाठी मांडलेली बहुपदरी जाळी आज संगणकांच्या विशाल कोठारांत फार उपयोगी पडते. पण तीच दोनशे मेजांना विकू पाहणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्यावा हे बरे.

अशा कचेरीत एखादा कारकून बैठकीच्या खोलीतली लोंबती तार दिसू नये म्हणून तिची दोन्ही टोके भिंतीत खुपसतो. तिसरा मजला मुका होतो, कपाटाची किल्ली शोधण्यासाठी धावपळ सुरू होते, आणि चौथ्या मजल्यावर मात्र कामे चालूच असतात. तिथल्यांना ही बातमी दुपारच्या चहाबरोबर कळते.