मद्यपारख व मद्यविक्री, वाशिम प्रदेशातील

मद्य विकत घेण्यापूर्वी त्याचे बळ, ताजेपणा व शुद्धता ठरविण्याच्या रीती आणि त्या रीतींना वळण देणारी शासकीय विक्रीव्यवस्था यांचा वाशिम जिल्हा व त्याभोवतालचा जुना वऱ्हाड येथील इतिहास. धान्य मुठीत घेऊन पाहता येते, कापूस बोटांनी ओढून पाहता येतो. मद्य मात्र पाण्यासारखे दिसते आणि चाखल्यावाचून कळत नाही. त्यामुळे ते चाखावयाचे कोणी आणि त्याच्या गुणाची हमी द्यावयाची कोणी, हा या व्यवहारातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर या प्रदेशात गेल्या दीड शतकात अनेकदा बदलले.

मद्याच्या दुकानावर शासनाची नजर असावी ही कल्पना भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय असून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे प्रकार त्यात सांगितले आहेत. ज्याचे वर्तन शुद्ध असल्याचे माहीत आहे अशानेच थोडे मद्य मोजून बाहेर न्यावे, इतरांनी ते दुकानातच प्यावे, असा त्यातील दंडक आहे. वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथे हे नियम कितपत पाळले जात, हा वेगळा विषय आहे. दख्खनमधील मोहवृक्षाची ओळख मात्र प्राकृत वाङ्‌मयाइतकी जुनी आहे : हालाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या फुललेल्या मोहाला उद्देशून गाथा आढळते.

मोह आणि शिंदी हे या भागातील मद्याचे दोन परंपरागत उगम होत. मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या सुमारास रात्री गळतात व पहाटे वेचली जातात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. ती पाण्यात भिजवून आंबविल्यावर मडक्यातून ऊर्ध्वपातन करीत. खालच्या मडक्यातील वाफ बांबूच्या नळीने पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात जाऊन निवे. आरंभी उतरणारा भाग तीव्र व पुढचा क्रमाने सौम्य होत जातो, म्हणून ‘पहिल्या धारेची’ हा गुणवाचक शब्द बनला आणि भाषेत दारूखेरीज इतर गोष्टींनाही लागू झाला. ‘बेवडा’ हा शब्द मुळात दोनदा गाळलेल्या दारूचा मानला जातो. आज तो पिणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. शिंदीची पारख वेगळी. झाडाचा ताजा रस म्हणजे नीरा. उन्हे चढू लागली की ती काही तासांतच आंबते. तेव्हा शिंदीच्या बाबतीत घड्याळ हीच पारख : सकाळची गोड, दुपारची मादक, संध्याकाळची आंबट. एका दिवसापलीकडे तिचा साठा करण्यात अर्थ नसे आणि दूरच्या बाजारी नेण्यातही नसे.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड ब्रिटिशांच्या व्यवस्थेत आला. त्या काळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता; वाशिम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो मोडला, वाशिम व मंगरूळ अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले. सध्याचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून पुन्हा वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा असून पलीकडचा हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील आबकारी वेगळी असल्याने नदीच्या दोन काठांवर एकाच जिनसाला दोन कायदे लागत.

आबकारीच्या जुन्या पद्धतीत ठराविक गावी भट्टी लावून दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने मक्तेदाराला मिळे. भट्टी व दुकान जवळजवळ असत. गिऱ्हाईक गाळणाऱ्याला ओळखत असे आणि धार उतरताना पाहूही शकत असे. त्याच्या कसोट्या साध्या होत्या. थेंबभर जिभेवर घ्यावी. तळहातावर चोळून पाहावी. लवकर उडून गारवा वाटला तर ती कडक. बाटली हलवून फेसाचे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघावे, किंवा चमचाभर विस्तवावर टाकावी. भडका उडाला तर पाणी थोडे. या सर्व कसोट्या बळाच्या आहेत, निर्दोषतेची एकही नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मोहाची दारू उघड्यावर व ओळखीच्या माणसाकडून मिळत होती तोवर या उणिवेचे फारसे बिघडत नसे.

गावोगावच्या भट्ट्यांवर किती दारू निघाली याचा हिशेब सरकारला लागत नसे. १९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीने लहान भट्ट्यांऐवजी मोठ्या भट्टीतून ठेक्याने पुरवठा करण्याची शिफारस केली. मध्य प्रांतात १९१५ चा आबकारी अधिनियम झाला व तो वऱ्हाडासही लागू करण्यात आला. कर आता दारूच्या बळावर बसू लागला, आणि बळ मोजण्यासाठी जिभेच्या जागी साइक्सचे आर्द्रतामापक नव्हे, तर घनतामापक (लोकांच्या भाषेत ‘काटा’ किंवा ‘डिग्री’) आले. त्याचे कोष्टक इंग्लंडातील ‘प्रूफ’वर आधारलेले होते. दारूने भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही, या जुन्या परीक्षेतून ते मान निघाले, असे सांगतात. प्रूफ मद्यात आकारमानाने ५७·१ टक्के अल्कोहॉल असते. २५ अंश ‘अंडर प्रूफ’ म्हणजे त्याचा तीन-चतुर्थांश, अर्थात ४२·८ टक्के. आजच्या बाटलीवर छापलेला ४२·८ हा विचित्र वाटणारा अपूर्णांक या जुन्या कोष्टकाचा वारसा आहे.

घनतामापक निःपक्षपाती असला, तरी त्यालाही फसविता येते. मद्यात गूळ वा साखर विरघळलेली असल्यास त्याची घनता वाढते आणि ते आहे त्यापेक्षा सौम्य भासते; अशा मद्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन करूनच मोजणी करावी लागते. याहून गंभीर गोष्ट अशी की, मेथिल अल्कोहॉल व एथिल अल्कोहॉल यांची घनता जवळजवळ सारखी असते. त्यामुळे हे उपकरण विषारी व पिण्याजोग्या मद्यात भेद करू शकत नाही. चवीत व वासातही हा भेद कळण्याइतका नसतो. विस्तवावरची कसोटी तर येथे उलटीच घातक ठरते, कारण मेथिल अल्कोहॉलही तसेच पेटते.

दारूबंदीच्या काळात या उणिवेची किंमत मोजावी लागली. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा अधिनियम होऊन प्रांताच्या काही भागांत तो अमलात आला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम १९५९ मध्ये विदर्भासही लागू झाला. बलसारा खटल्यात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाचा बहुतेक भाग वैध ठरविला, मात्र अल्कोहॉलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी रद्द केली. आसवे, अरिष्टे व टिंक्चरे दुकानात राहिली आणि त्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याच काळात हातभट्टी फोफावली. तीत मोहाची जागा गुळाने घेतली व आंबणे लवकर व्हावे म्हणून नवसागर पडू लागला. नवसागरातील नायट्रोजन यीस्टला पोषक असतो, तेव्हा ही युक्ती अगदीच अडाणी नव्हती. परंतु पुढे याच व्यवहारात औद्योगिक स्पिरिट आणि फ्रेंच पॉलिशही शिरले. रात्री अंधारात, अनोळखी माणसाकडून, रबरी फुग्यातून वा पिशवीतून घेतलेल्या दारूची पारख करण्यास गिऱ्हाइकाजवळ वेळ नसे आणि तक्रार करण्यास जागा नसे. शरीरात मेथिल अल्कोहॉलाचे रूपांतर फॉर्मिक अम्लात होते व डोळ्याच्या मज्जातंतूवर आघात होतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी राज्यात परवान्याची दारू उघडपणे मिळत होती. म्हणजे केवळ दारूबंदीला दोष देऊन भागत नाही, स्वस्ताईचाही त्यात वाटा आहे.

बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९७३ च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांनी मळीच्या स्पिरिटापासून केलेली दारू मोहोरबंद बाटलीत विकण्याची व्यवस्था बसविली. वऱ्हाडच्या बाजारात संत्र्याच्या स्वादाचा प्रकार लोकप्रिय झाला. कारंजा व मंगरूळपीरच्या परिसरात संत्र्याच्या बागा असल्या, तरी बाटलीतील संत्रे अर्काचे असते, हे सांगावयास हवे. मोहाचा त्या बाटलीशी संबंध राहिला नाही. मोहफुलांचे संकलन, वाहतूक व साठवण यांवरील निर्बंध शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले.

आजची विक्री मोहोरबंद बाटलीची असल्याने दुकानात चाखून घेण्याची सोय नाही. गिऱ्हाईक छाप, किंमत व लेबल पाहते. अल्कोहॉलयुक्त पेयांसाठी केंद्रीय अन्नसुरक्षा मानके २०१८ मध्ये ठरली व १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. मेथिल अल्कोहॉलाची कमाल मर्यादा आणि लेबलावरील इशारा यांचा त्यांत समावेश आहे. जिभेला व काट्याला जे जमले नाही, ते अशा रीतीने प्रयोगशाळेकडे आले. कायद्याचा मूळ साचा मात्र दारूबंदीचाच आहे. २०१२ मध्ये अधिनियमाच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ राहिली. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. आणि रस्त्याकडेच्या बारवर अजूनही ‘परमिट रूम’ अशी पाटी असते, तिचा अर्थ आत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

या व्यवहारात दारू न पिणाऱ्यांचा, विशेषतः घर चालविणाऱ्या स्त्रियांचा शब्द फार काळ कोठेच नव्हता. मजुरीचे पैसे घरी येण्याआधी दुकानात जात, ही तक्रार आबकारीइतकीच जुनी आहे. २००८ च्या शासकीय आदेशाने त्यांना परवानाधारक दुकान बंद करण्याची मागणी मतदानाने ठरविण्याचा मार्ग मिळाला. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : दुकान चालू ठेवण्यासाठी उभी बाटली व बंद करण्यासाठी आडवी. स्त्रियांपुरत्या मतदानात, मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्यामुळे मतदानाच्या दिवशी मजुरीसाठी परगावी गेलेल्या बाईचे मतही प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या बाजूस मोजल्यासारखे होते.