दामाजीपंतांची पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगताना आपण धान्याची पेवे उघडली तिथे रंगतो आणि पावतीवरून भरभर पुढे जातो. खरे तर सगळी कथा त्या पावतीवर उभी आहे. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. धान्य सरकारचे, देण्याची परवानगी नाही, आणि दारात उपाशी माणसे. त्यांनी पेवे मोकळी केली. पुढे परंपरा सांगते की पंढरीराय विठू महाराच्या रूपाने बिदरला गेले, धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती आणून पंतांच्या पोथीत ठेवली. देवालाही हिशेब चुकता करावा लागला, माउली! आपल्या पूर्वजांना ठाऊक होते की सरकारी कोठारातले दाणे कुणाच्या तरी नावे पडतात. प्रश्न एवढाच, कुणाच्या?

शिवछत्रपतींनी 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ते दुष्काळाचे नव्हे, लागवड वाढवण्याचे. पण बुडालेल्या कुणब्याला उभे कसे करावे याचा इतका स्वच्छ विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैका द्यावा, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्यावे. वसुली फक्त मुद्दलाची, वाढीदिढी नाही, तीही त्याला ताकद आल्यावर हळूहळू. यापायी दोन लाख लारी खर्च झाली तरी महाराजांना मान्य होती. म्हणजे व्याज राज्याने सोसायचे, आणि पाहणीला अंमलदाराने स्वतः जायचे, शेतकऱ्याने कचेरीत खेटे घालायचे नाहीत.

इंग्रजी अमलात हीच तगाई कायद्यात बसली. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ होऊन गेल्यावर 1883 मध्ये जमीन सुधारणेच्या कर्जाचा आणि 1884 मध्ये बी-बियाणे, बैल आणि आपत्तीसाठीच्या कर्जाचा कायदा झाला. आता तगाईला व्याज आले, तारण आले. ज्याच्याकडे तारण ठेवण्याजोगे काही नाही, तो पुन्हा सावकाराच्या ओसरीवर. त्याच्या थोडे आधी, 1875 मध्ये, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. तिथे देणाऱ्यानेच कागद बुडवला, इथे घेणाऱ्याला जाळावा लागला.

आजची मदत परत करायची नसते, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पूर्वी पिकाचे निम्मे नुकसान दाखवावे लागे, 2015 पासून 33 टक्के पुरते. 2022 च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, मर्यादा दोन हेक्टर. रक्कम थेट खात्यात. पण त्याआधी पंचनामा, मग यादी, मग यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात अंगठा. तो क्रमांक छापलेला कागद शेतकरी घडी घालून खिशात जपतो, तेव्हा मला पोथीतली पावती आठवते.

आणि त्या कागदावर नाव सातबाऱ्याचे असते. आमच्या दिंडीत सीनाकाठची एक माउली आहे, दोन एकर बटईने करते. पुरात सोयाबीन गेले. बी तिचे, खुरपणी तिची, पैसे मालकाच्या खात्यात आले. मालक वाईट नव्हता, त्याने निम्मे आणून दिले. मी विचारले, "ताई, भागले का?"

"बियाण्यापुरतं झालं," ती म्हणाली, आणि डोक्यावरची तुळस सावरत पुढच्या बायकांना गाठायला निघाली.