शुद्धलेखनाची परीक्षा : पंतोजींपासून यंत्रापर्यंत

लिहिलेला शब्द बरोबर कीं चूक हें कोणीं ठरवावयाचें आणि कशाच्या आधारानें ठरवावयाचें, हा प्रश्न मराठींत छापखान्याइतकाच जुना आहे. त्यापूर्वीं तो फारसा कोणास पडत नसे. पेशवाईंतील लिखापढी मोडींत चाले, आणि मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे. तरीही हुकूम पोहोंचत, हिशेब लागत आणि वसूल जमा होई. कारण वाचणारा संदर्भ जाणणारा होता. लेखनांत जें उणें असे तें तो आपल्या माहितीनें भरून काढी.

बाळबोध लिपींत पुस्तकें छापूं लागलीं आणि ही स्थिति पालटली. १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण प्रसिद्ध झालें. आणि १८५७ सालीं मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति निघाली, तेव्हां शब्दांची संख्या सुमारें ६० हजारांवर गेली होती. शाळेंतील पंतोजीस आणि छापखान्यांत मुद्रितें तपासणारास बोट ठेवावयास आतां जागा मिळाली. वाद झाला कीं कोश उघडावा, अशी रीत पडली.

परंतु कोशानें वाद मिटला नाहीं. बोलतांना जो ऐकूंच येत नाहीं तो अनुस्वार लिहावा कीं न लिहावा, यावर दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हें टिंब व्यर्थ नव्हे. तें शब्दाचें लिंग, वचन किंवा व्युत्पत्ति दाखवितें. त्यानेंच माणसाचें 'नांव' आणि पाण्यावरील 'नाव' निराळीं ओळखूं येतात. दुसरा पक्ष म्हणे कीं, उच्चारांत नाहीं तें कागदावर कशाला? साने, गोडबोले आणि हातवळणे यांच्या सूचनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाद पेटला, आणि १९०४ सालीं टिळकांसही 'केसरी'ंत त्यावर लेख लिहावे लागले. निकाल लागावयास पुढें अर्धें शतक गेलें. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं चौदा नियम ठरविले व १९७२ सालीं त्यांत चारांची भर घातली. या अठरा नियमांस शासनानें मान्यता दिली आणि असे बहुतेक अनुस्वार शाळांतून व कचेऱ्यांतून निघून गेले.

यंत्रासाठीं लेखन बदलावें हा विचारही मराठीस नवा नाहीं. नाशिकजवळच्या भगूर गांवीं १८८३ सालीं जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनीं, छपाईचे खिळे कमी लागावेत म्हणून, 'इ' आणि 'उ' यांच्या जागीं 'अ'लाच वेलांटी व उकार देण्याची लिपिसुधारणा पुरस्कारिली. 'किर्लोस्कर' मासिकानें ती प्रत्यक्ष वापरूनही दाखविली. लोकांनीं मात्र ती अखेरीस अंगीकारिली नाहीं.

लेखन तपासण्याचें काम यंत्राकडे सोंपविण्याचा उद्योग अमेरिकेंत सुरू झाला. १९६१ सालीं लेस अर्नेस्ट यांनीं हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रास दहा हजार नेहमींच्या शब्दांची यादी पुरविली. फ्रेडरिक डॅमेराऊ यांनीं १९६४ सालीं असें दाखविलें कीं, शेंकडा ऐंशीं चुका चारच प्रकारच्या असतात : एक अक्षर गळतें, एक अधिक पडतें, एकाच्या जागीं दुसरें येतें, किंवा शेजारचीं दोन अक्षरें स्थान बदलतात. १९७१ सालीं राल्फ गोरिन यांनीं स्टॅनफर्ड येथें यावरून चूक दाखवून दुरुस्तीही सुचविणारी योजना रचिली.

पुढें १९७९ सालीं 'व्हिजिकॅल्क' हें संगणकावरील पहिलें लोकप्रिय हिशेबी कोष्टक आलें, आणि १९८५ सालीं 'एक्सेल' आलें. १९९३ सालच्या आवृत्तीपासून एक्सेलच्या कोष्टकास आज्ञांची मालिका लिहून देण्याची पूर्ण भाषा मिळाली. या मालिकेस 'मॅक्रो' म्हणतात. तिचें काम एखाद्या चिकाटीच्या कारकुनाचें असतें. रकान्यांतील पहिली चौकट घ्यावी. तींतील शब्द यादीशीं ताडून पाहावा. न सांपडल्यास चौकट रंगवावी. आणि खालच्या चौकटीकडे वळावें. एक्सेलमध्यें शब्द तपासण्याची जी आज्ञा आहे, तीही शब्द दिला असतां केवळ होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर देते. कारकुनास कंटाळा येतो, यंत्रास येत नाहीं, हा तिचा मोठाच गुण होय.

तथापि मराठी शब्द यादींत मावत नाहीं. 'घर' हा एक शब्द घरांत, घराला, घरापासून, घरासमोरच्या अशा अनेक रूपांनीं वावरतो. म्हणून शब्दांसवें त्यांचे प्रत्ययही यंत्रास शिकवावे लागतात. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. यंत्र अक्षर पाहत नाहीं, त्याचा संकेतांक पाहतें. 'दऱ्या' या शब्दांतील अर्धा र दोन-तीन निराळ्या संकेतांनीं लिहितां येतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, परंतु यंत्रास ते वेगळे शब्द वाटतात. आणि 'आचाऱ्यांना' दिलेलें निमंत्रण 'आचार्यांना' गेलें तर यंत्र मुकाट्यानें बसतें. कारण दोन्ही शब्द यादींत आहेत. 'दिन' आणि 'दीन', 'पाणि' आणि 'पाणी' यांचीही गोष्ट तीच.

या सर्वांचा व्यवहाराशीं संबंध किती जवळचा आहे, हें नाशिक जिल्ह्याच्याच एखाद्या कोष्टकावरून कळेल. जिल्ह्यांत पंधरा तालुके आहेत. एका लेखनिकानें 'येवला' लिहिलें व दुसऱ्यानें 'येवले'. कोणीं 'त्र्यंबकेश्वर', कोणीं 'त्रंबकेश्वर'. कोणीं 'बागलाण' तर कोणीं 'सटाणा'. आणि खुद्द जिल्ह्याचें नांव कोणीं 'नाशिक' तर कोणीं 'नासिक' लिहिलें. माणूस हें वाचतांना अडखळत नाहीं. यंत्र मात्र बेरीज करितांना एका तालुक्याचे दोन तालुके करतें, आणि ज्या मुलाचें गांव भलत्या नांवाखालीं पडलें तें मूल गणतींतून सुटतें. येथें सर्वसाधारण कोश निरुपयोगी आहे, कारण गांवांचीं व माणसांचीं नांवें त्यांत नसतात. उपाय सोपा आहे. पंधरा तालुक्यांचीं पंधरा मान्य रूपें एका बाजूच्या रकान्यांत लिहून ठेवावींत आणि त्यांच्याशींच ताडण्याची आज्ञा मॅक्रोस द्यावी. रंगलेली चौकट मात्र माणसानें पाहावी. 'सटाणा' ही चूक नसून बागलाणच्या मुख्य गांवाचें नांव आहे, हें यंत्रास कोणींतरी सांगावें लागतें.

जुन्या पुस्तकांच्या बाबतींत ही सावधगिरी विशेष अवश्य आहे. १९६२ पूर्वींचें एखादें पान आजच्या यादीपुढें ठेविलें तर ओळीओळींस चुका दिसतील. त्या चुका नव्हेत. ते त्या काळचे नियम आहेत. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें आहे. अशा ग्रंथसंग्रहाच्या याद्या संगणकावर चढवितांना यंत्राच्या सांगण्यावरून ग्रंथांचीं नांवें 'सुधारलीं', तर मूळ नांवानें शोधणारास ग्रंथ सांपडणार नाहीं.

पंतोजी, कोश, नियम आणि यंत्र असा हा प्रवास आहे. प्रत्येक पायरीवर शोधण्याचे श्रम कमी झाले. निर्णयाचें ओझें मात्र कमी झालें नाहीं. 'मराठी लेखन-कोश' रचणारे अरुण फडके २०२० सालीं दिवंगत झाले. एकेका शब्दाचें मान्य रूप निश्चित करण्याचें असें काम ज्यांनीं केलें, त्यांच्याच श्रमावर यंत्राची यादी उभी राहते. यंत्र इतकेंच सांगतें कीं, हा शब्द यादींत नाहीं. तो शब्द चुकला कीं यादी अपुरी पडली, याचा निवाडा भाषा जाणणारानेंच करावयाचा आहे.