काकडी, काच आणि २०० मायक्रॉन

ग्रीनहाऊसचा इतिहास एका काकडीपासून सुरू होतो. रोमन सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) याला काकडी इतकी आवडायची की ती मिळाली नाही असा एक दिवस जात नसे, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. आता रोमच्या थंडीत काकडी आणायची कुठून? तर त्याच्या माळ्यांनी चक्क चाकांवरचे वाफे केले. ऊन असलं की ढकलत बाहेर, गारठा पडला की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली! (ही आपली कोशिंबिरीची काकडी नव्हे बरं का. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते ती खरबुजाच्या कुळातली, म्हणजे आपल्या वाळकाच्या भावकीतली. असो.)

तो दगड म्हणजे जिप्समचा एक प्रकार. त्याचे पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यातून उजेड आरपार जातो. उत्तम माल स्पेनमधून यायचा. एका माणसाच्या जिभेसाठी एवढा खटाटोप! स्पेन लक्षात असू द्या, पुढे परत येणार आहे.

या इतिहासात मला गंमत वाटते ती ही, की रोपाच्या गरजा दोन हजार वर्षांत काडीच्याही बदलल्या नाहीत. बदलत गेलं ते वरचं झाकण. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच, इम्प्लिमेंटेशन नवं. आणि झाकण जसजसं स्वस्त झालं, तसतशी काकडी राजाच्या ताटातून खाली उतरली.

१४५० च्या सुमारास कोरियात तेल लावलेल्या कागदाचं झाकण होतं, आणि जमिनीखालून चुलीची ऊब फिरवलेली. तिथल्या एका राजवैद्याच्या ग्रंथात याची कृतीच दिलेली आहे. युरोपातल्या राजेरजवाड्यांनी पुढे संत्र्यांसाठी मोठमोठ्या खिडक्यांची दालनं बांधली. सर्वसामान्य माणसाला मात्र काच परवडणं शक्य नव्हतं, आणि ब्रिटनमध्ये तर सरकारनेच ती महाग करून ठेवली होती. १७४५ साली संसदेने काचेवर कर बसवला, तोही वजनावर! हा कर तब्बल शंभर वर्षं टिकला आणि १८४५ मध्ये रॉबर्ट पीलने तो रद्द केला.

त्यानंतर काय झालं ते बघा. जोसेफ पॅक्स्टन नावाचा एक माळी होता. (हो, माळीच. ड्यूकच्या बागेत नोकरीला.) त्याने चॅट्सवर्थला ॲमेझॉनच्या एका राक्षसी कमळाला १८४९ मध्ये फूल आणून दाखवलं. पान एवढं मोठं आणि खालून शिरांनी एवढं भक्कम, की त्याने आपल्या लहान मुलीला त्यावर उभं केलं. कमळासाठी काचघरं बांधता बांधता हातात बसलेली पद्धत वापरून याच माणसाने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा केला. जवळपास ३ लाख तावदानं, सगळी एका मापाची. कर चालू असता तर हे बिल कुणी फाडलं असतं? शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या ली व्हॅलीत काचेखाली टोमॅटो आणि काकड्यांचे धंदेवाईक मळे उभे राहिले होते.

आता थोडं विज्ञान, कारण पुढची उडी त्याशिवाय कळणार नाही. शाळेच्या पुस्तकात असतं की काच सूर्यप्रकाश आत सोडते आणि उष्णतेचे अवरक्त किरण अडवते, म्हणून आत गरम होतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने १९०९ मध्ये हे तपासलं. दोन खोकी, एकावर काच, दुसऱ्यावर सैंधवाचा पारदर्शक तुकडा. मीठ अवरक्त किरणांना अडवत नाही, तेव्हा ते खोकं थंड राहायला हवं होतं. पण तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक! म्हणजे मुख्य काम किरण अडवण्याचं नाहीच. आत तापलेली हवा वर उठून निघून जाते, तिला थोपवायचं, बस्स. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीसारखं. (वातावरणाचा 'ग्रीनहाऊस इफेक्ट' खरा आहे आणि तो किरणांमुळेच होतो. फक्त त्याचं नाव चुकलंय. वुडचा दाखला देऊन तापमानवाढ खोटी म्हणणारे भेटले तर त्यांना हे सांगा.)

मग हवाच अडवायची तर काचच कशाला? केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्टला काच परवडत नव्हती. त्याने १९४८ मध्ये सेलोफेन ताणून बसवलं आणि पुढे पॉलिथिनचा कागद आला. पॉलिथिन अवरक्त किरण बऱ्यापैकी सोडून देतं, तरी दिवसा काम चोख होतं. रात्री मात्र ते काचेपेक्षा लवकर गार पडतं, तेवढी किंमत मोजावी लागते.

आणि आता स्पेन. तिथल्या अल्मेरियाच्या कोरड्या किनारपट्टीवर १९६० च्या दशकापासून प्लॅस्टिक पसरायला लागलं. आज ते ३० हजार हेक्टरच्या वर आहे, अवकाशातून पांढरं दिसतं. उन्हाळ्यात छतांना चुना फासतात, त्यामुळे ऊन परत फेकलं जातं आणि १९८३ ते २००६ या काळात तो भाग आजूबाजूच्या तुलनेत चक्क थंड होत गेला, असं मोजमाप आहे. युरोपातल्या कुठल्याही सुपरमार्केटात आज जानेवारीत काकडी मिळते, टायबेरियस असता तर खूश झाला असता. उपसून खालावलेलं भूजल आणि प्लॅस्टिकखाली राबणारे मोरोक्कोचे मजूर त्या काकडीच्या लेबलवर नसतात.

आपल्याकडे सरकारी कागदावर 'हरितगृह' असतं, शेतकरी 'पॉलीहाऊस'च म्हणतो. आणि आपला प्रश्न उलटा आहे. पुण्या-नाशकाकडे उष्णता कोंडायची नसते, बाहेर घालवायची असते. म्हणून छताला वर फट ठेवतात, बाजूचे पडदे गुंडाळता येतात. इथे झाकण गोधडीपेक्षा छत्रीचं काम जास्त करतं. पाऊस, गारा, कडक ऊन आणि बऱ्याच किडी बाहेर ठेवायच्या. तळेगाव आणि मावळातले गुलाब असेच वाढतात. व्हॅलेंटाइन डेसाठी फूल नेमकं हवं तेव्हा यावं म्हणून डिसेंबरातल्या छाटणीची तारीख उलटी मोजून काढतात. आपल्या रिलीज प्लॅनपेक्षा अचूक, आणि डेडलाइन पुढे ढकलायची सोय नाही :-)

फिल्म साधारण २०० मायक्रॉनची, उन्हाने तीन-चार वर्षांत ठिसूळ होते आणि बदलावी लागते. एखाद्या वर्षी ढोबळी मिरचीचे किंवा जरबेराचे भाव पडले तरी फिल्मचं वय वाढतच असतं. वळवाचं वादळ तर ती एका संध्याकाळीही फाडून नेतं. १० गुंठ्यांवर कर्ज काढून सांगाडा उभा केलेल्या माणसाला फिल्म कधी बदलायची आणि हप्ता कधी भरायचा, हे दोन्ही त्याच खिशातून ठरवावं लागतं.