चादर बिघडते कुठे?

सोलापुरी चादर आपल्या घराघरांत आहे. पण एकच सूत, एकच माग असूनही एक चादर वीस वर्षं टिकते आणि दुसरी दोन पावसाळ्यांत विरते, असं का व्हावं?

सोलापुरात 1860 मध्ये आगगाडी आली आणि 1877 मध्ये कापडाची पहिली मोठी गिरणी निघाली. तीच पुढं ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग गावात होतेच. या सगळ्यांची गाठ पडली ती इथल्या कोरड्या हवेशी. कापसाचा धागा मोठा विचित्र. ओलावला की बळकट होतो, वाळला की तुटतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की ताण्याला लावलेली खळही तडकते. जुन्या विणकराचा माग खड्ड्यात बसवलेला असे, कारण जमिनीलगत ओल टिकते. गिरणीनं तेच काम हवेत पाण्याचे तुषार सोडून केलं. विणकामाच्या खात्यात हवेची आर्द्रता शेकडा 75 ते 85 असावी लागते.

खळीचंही तसंच. कमी पडली तर धागा फणीत घासून पिंजतो. जास्त झाली तर ताठर होऊन तुटतो. सुताचा पीळ वाढवला की बळ वाढतं, पण एका हद्दीपर्यंतच. पुढं बळ उलट घटतं आणि कापड राठ होतं.

खरी गंमत टॉवेलात आहे. त्याला ताण्याचे दोन रूळ लागतात. एक ताणलेला, तो कापडाचा पाया. दुसरा सैल, त्याच्याच फासांची लव उठते. सैलपणा बिघडला की लव कुठं उंच, कुठं बसकी. चादरीवरची नक्षी मात्र जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठरते. ही युक्ती 1804 सालची, फ्रान्समधली. भोक असेल तिथला धागा उचलला जातो. म्हणूनच चादर उलटली की तीच फुलं रंग बदलून दिसतात.

2005-06 मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. नोंद नावाला संरक्षण देते, वीण घट्ट करून देत नाही. इंचामागे चार आडवे धागे कमी टाकले तर माग लवकर मोकळा होतो, मालही स्वस्त पडतो, आणि दुकानात घडी घातलेल्या चादरीत ते कुणाला कळत नाही. घेताना चादर उजेडासमोर धरा. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यानं चोळून पाहा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.