पिलू का गेले? – १९७८ साली उमगलेल्या एका विषाणूची हकिगत

कुत्र्याचे पिलू घरी आणले जाते ते साधारणपणे दीड-दोन महिन्यांचे असताना. पहिले आठ-दहा दिवस मजेत जातात. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याच्याकडे धावतात. मग एके दिवशी पिलू दुधाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहते. उलट्या सुरू होतात, पाठोपाठ रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. तीन-चार दिवसांत सारे संपते. आमच्याही घरी असे एक पिलू गेले आहे, आणि शिक्षकांपैकी अनेकांच्या वर्गात या दुःखातून गेलेला एखादा विद्यार्थी असेलच.

त्यानंतर घरात दोन प्रश्न विचारले जातात. लस टोचली होती, तरी असे कसे झाले? आणि दुसरे पिलू आणायचे का, आणायचे तर कधी? दोन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत. पण ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. कारण आज पिलांचा बळी घेणारा हा रोग, म्हणजे पार्व्हो, पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुत्र्यांमध्ये नव्हताच.

याचा अर्थ पूर्वी पिले मरत नसत असा नाही. डिस्टेंपर हा रोग त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मारत आला होता. देवीच्या लशीमुळे आपल्या परिचयाचा असलेला एडवर्ड जेन्नर याने १८०९ साली त्याचे वर्णन केले. १९०५ साली फ्रान्समध्ये हेन्री कारे याने दाखवले, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार जाते. म्हणजे तो विषाणू असला पाहिजे. पुष्कळांना ते पटले नाही. पुढे १९२३ साली इंग्लंडमधल्या 'द फील्ड' या शिकार व ग्रामीण जीवनाला वाहिलेल्या नियतकालिकाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. त्या पैशावर लेडलॉ आणि डंकिन यांनी लंडनजवळच्या मिल हिल येथे काम केले. कुत्र्यांना आधीच संसर्ग होऊन गेलेला असण्याची शक्यता असे, म्हणून त्यांनी प्रयोगासाठी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी निवडला. डिस्टेंपरची लस तयार झालीच. शिवाय १९३३ साली फेरेटांच्याच मदतीने माणसाच्या फ्ल्यूचा विषाणू प्रथम वेगळा काढता आला, आणि ते करणाऱ्या तिघांत लेडलॉ होते. कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या पैशातून माणसाच्या रोगाचा असा उलगडा व्हावा, ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी अशी आम्हाला वाटते.

लशीमुळे डिस्टेंपर पुष्कळच काबूत आला होता. अशा वेळी १९७८ साली अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि जपान येथून जवळजवळ एकदमच बातम्या येऊ लागल्या, की कुत्री उलट्या-जुलाबांनी मरत आहेत. नुसती पिलेच नव्हेत, मोठी कुत्रीही. मरणाऱ्या जनावरांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण दिसले. मिलिमीटरच्या अंतरात असे चाळीस हजार कण ओळीने मावतील. 'पार्व्हो' या लॅटिन शब्दाचा अर्थच लहान.

हा विषाणू जुनाच होता आणि आजवर नजरेतून सुटला होता, असे तर नसेल? ही शंका कशी फेडली हे पाहण्यासारखे आहे. वेगवेगळ्या कामांसाठी पूर्वी घेतलेले कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने काही प्रयोगशाळांत गोठवून ठेवलेले होते. ज्याला संसर्ग होऊन गेला त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. जुने नमुने तपासले तेव्हा युरोपातील १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही नमुन्यांत ती मिळाली. त्याआधीच्या नमुन्यांत नाही. तेव्हा विषाणू खरोखरच नवा होता, आणि दोन-चार वर्षांत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.

तो आला कोठून? मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपीनिया या रोगाचा विषाणू कितीतरी आधीपासून माहीत होता. नवा विषाणू त्याचा सख्खा भाऊ शोभेल इतका सारखा निघाला. मांजरांच्या लशीत तो तयार झाला असावा असा तर्क काहींनी केला, पण तो सिद्ध झाला नाही. पार्व्होचा सगळा आनुवंशिक मजकूर सुमारे पाच हजार अक्षरांचा असतो. माणसाचा सुमारे तीनशे कोटींचा. त्या पाच हजारांत मोजकेच बदल झाले आणि विषाणूच्या कवचावरची हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी अमिनो आम्ले बदलली. तेवढ्याने मांजराच्या पेशीचे कुलूप उघडणारी किल्ली कुत्र्याच्या पेशीलाही लागू लागली. हे कुलूप कोणते, ते २००१ साली कळले. पेशींच्या पृष्ठभागावर लोह आत घेण्यासाठी एक ग्राही प्रथिन असते, त्यालाच हा विषाणू चिकटतो. उत्क्रांतीची उदाहरणे आपण नेहमी जीवाश्मांतून देतो. हे उदाहरण लोकांच्या डोळ्यांदेखत घडले, आणि १९८० च्या सुमारास विषाणूचा आणखी बदललेला प्रकार येऊन त्याने पहिल्याला हुसकावूनही लावले.

पार्व्हो इतका लहान, की स्वतःच्या प्रती काढण्याची यंत्रणाही त्याच्याजवळ नाही. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीचीच यंत्रणा तो वापरतो. म्हणून शरीरात जिथे पेशी भराभर विभागतात तिथे तो घाव घालतो. आतड्याच्या अस्तराची झीज भरून काढणाऱ्या पेशी मरतात, अस्तर गळून पडते, पाणी व रक्त वाहून जाते आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. त्याच वेळी अस्थिमज्जेवरही हल्ला झाल्याने त्या जिवाणूंना तोंड देणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिले मरतात. वेळेवर सलाइन, उलट्या थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके मिळाली तर बरीचशी वाचतात. या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाला २०२३ साली अमेरिकेत सशर्त परवानगी मिळाली.

नवजात पिलांत हृदयाच्या स्नायूपेशीही विभागत असतात. १९७८-७९ मध्ये काही आठवड्यांची, वरकरणी धडधाकट पिले अचानक हृदय बंद पडून मरत. दोन-तीन वर्षांत हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. विषाणू सौम्य झाला नव्हता. आयांना आता लशीने किंवा रोग होऊन गेल्याने प्रतिपिंडे मिळाली होती, आणि त्या ती पिलांना देत होत्या.

इथे आपण पहिल्या प्रश्नापाशी येतो. आईची प्रतिपिंडे पिलाला थोडी गर्भात मिळतात. बहुतेक मिळतात ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून. पिलू ती स्वतः तयार करीत नाही, त्यामुळे ती संपत जातात. कॉर्नेल विद्यापीठात पोलॉक व कार्मायकल यांनी मोजले, तेव्हा दर दहा दिवसांनी ती साधारण निम्मी होतात असे आढळले. त्यांचे निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाले. मोजण्याची रीत सोपी होती. पार्व्हो विषाणूमुळे डुकराच्या लाल रक्तपेशी एकमेकींना चिकटतात. प्रतिपिंडे असली तर चिकटत नाहीत. रक्तद्रव दुपटीदुपटीने पातळ करीत न्यायचा आणि कितव्या पातळीपर्यंत तो विषाणूला रोखतो ते पाहायचे.

फळ्यावर हे गणित मांडून पाहा. समजा, जन्मतः पिलाची पातळी १२८० आहे. दहाव्या दिवशी ६४०, विसाव्या दिवशी ३२०, तिसाव्या दिवशी १६०, चाळिसाव्या दिवशी ८०. साधारण ८० च्या खाली पातळी गेली की रस्त्यावरचा जोमदार विषाणू पिलाला गाठू शकतो. पन्नासाव्या दिवशी ४०, साठाव्या दिवशी २०, सत्तराव्या दिवशी १०. आता लशीतला विषाणू मुद्दाम दुबळा केलेला असतो. आईची ४० पातळीची प्रतिपिंडेही त्याचा निकाल लावायला पुरतात, मग पिलाच्या शरीराला धडा मिळणार कोठून? म्हणजे चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या-सत्तराव्या दिवसापर्यंत एक फट राहते. आईचे कवच रोगापुढे अपुरे, आणि लशीच्या मात्र वाटेत आडवे. पंचेचाळिसाव्या दिवशी टोचलेली लस या पिलाच्या बाबतीत वाया गेली. लस खराब नव्हती, टोचणाऱ्याचे चुकले नव्हते, घरच्यांचेही नाही.

ही फट प्रत्येक पिलाची वेगळी. एकाच वेतातल्या ज्या पिलाने जास्त चीक प्यायला त्याची उशिरा येते. ज्या कुत्रीच्या अंगी रोग होऊन गेल्यामुळे भरपूर प्रतिपिंडे आहेत, तिच्या पिलांची आणखी उशिरा. आपल्याकडे रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्या पुष्कळदा अशाच असतात. प्रत्येक पिलाचे रक्त तपासणे परवडत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचतात. अनेकांना हे डोस म्हणजे एकाच लशीचे हप्ते वाटतात. खरे तर त्यांतला एखादा तरी फटीच्या पलीकडे पडावा, एवढ्यासाठी ते असतात.

दुसऱ्या पिलाचे काय? इथे आधीचे पिलू कशाने गेले, हे पशुवैद्याकडून नक्की करून घ्यावे. डिस्टेंपरच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. साबणाने, उन्हाने, कोरडेपणाने ते फाटते आणि विषाणू लवकर निकामी होतो. करोनाच्या काळात हात साबणाने धुवायला सांगत, त्यामागे हेच तत्त्व होते. पार्व्होला असे वेष्टनच नाही. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांच्या तळव्यांवरून प्रवास करतो.

त्याच्या चिवटपणाचा एक दाखला अमेरिकेतील सुपिरिअर सरोवरातल्या आयल रॉयल बेटाचा आहे. तिथे लांडगे आणि मूस या मोठ्या हरणांचा अभ्यास १९५८ सालापासून चालू आहे. १९८० साली बेटावर ५० लांडगे होते, १९८२ साली १४ उरले. त्यांच्यात पार्व्हो शिरला होता, आणि तो बाहेरून आणलेल्या कुत्र्याबरोबर आला असावा असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. बेटावर कुत्रे नेण्यास मनाई आहे.

आपल्या घरोघरी वापरले जाणारे फिनेल पार्व्होवर भरवशाचे नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढावी, मग कपड्यांसाठी मिळणारे हायपोक्लोराइटचे ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे द्रावण फरशीवर दहा मिनिटे ओले राहू द्यावे. पिलाचे अंथरूण जाळून टाकावे. भांडीही बदललेली बरी. मातीचे अंगण मात्र असे धुता येत नाही. तिथे ऊन लागू द्यावे आणि काही महिने थांबावे.

थांबवत नसेल तर लशींचा क्रम पुरा झालेले, सोळा आठवडे उलटून गेलेले पिलू आणावे, किंवा लस टोचलेले मोठे कुत्रे. त्याला त्या घरात फारसा धोका नाही. मुले बहुधा छोट्या पिलाचाच हट्ट धरतात. तेव्हा वरचे आकडे त्यांच्यापुढे ठेवून, कितव्या दिवशी आणलेले पिलू कितपत सुरक्षित राहील, ते त्यांनाच काढायला सांगावे.